नाव जुने, वेताळ नवा

आमच्या लहानपणी दोन वेताळ होते. एक आईच्या माहेरचा आणि दुसरा इंद्रजालचा.

आईचे माहेर वेंगुर्ले तालुक्यात, आरवलीच्या जवळ. तिथला वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. “वेतोबा रातचो गावभर फिरता, म्हणान चपला झिजतत,” असे आई सांगायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की देवळातल्या त्या चपलांकडे मी चोरून बघत असे. तळ खरोखरच झिजले आहेत का, हे उलटून पाहण्याचा धीर मात्र कधी झाला नाही.

दुसरा वेताळ कवटीच्या गुहेत राहायचा. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, बोटात अंगठी. ठोसा बसला की दुष्टाच्या हनुवटीवर कवटी उमटलीच म्हणून समजा! त्याचे मूळ नाव ‘फँटम’. अमेरिकेत ली फॉक यांनी १९३६ साली त्याला जन्म दिला. पुढे टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो आपल्याकडे आला आणि मराठीत येता येता ‘वेताळ’ झाला. त्याच्या देशाचे नावही वाटेत बदलले. मूळचे ‘बंगाला’ आमच्यापर्यंत पोचेतो ‘डेंकाली’ झाले होते.

फँटमला वेताळ हे नाव ज्या कुणी दिले, त्या अनामिक माणसाचे मला आजही कौतुक वाटते. विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ वेगळा, आरवलीचा वेगळा आणि हा घोड्यावरून दौडणारा गोरा वेगळाच. पण इंग्रजीत त्या गोऱ्याची ओळख ‘चालणारे भूत’ अशी करून देतात. आमचा वेतोबाही रात्रभर चालतोच की! जुने, ओळखीचे नाव एका संपूर्ण नव्या माणसाला दिले आणि ते त्याला नेमके बसले.

आईला मात्र हे पटले नव्हते. मुखपृष्ठावरचे चित्र पाहून ती म्हणाली होती, “ह्यो कसलो वेताळ? ह्येच्या पायात चपलो खंय आसत?”

आईचे हे वाक्य पुढे मला फार महाग पडायचे होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लोंढा जंक्शनवर पॉइंट्समन होते. मीटर गेजचा तो काळ. एक फाटा हुबळीकडे, एक बेळगाव-मिरजेकडे आणि एक कॅसलरॉक, दूधसागर करत गोव्यात उतरणारा. रात्रपाळी असली की आप्पांचा डबा स्टेशनवर पोचवायचे काम माझे. ते जेवून डबा परत देईपर्यंत मी बाकावर दिव्याखाली बसून इंद्रजाल वाचत असे. लोंढ्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर्णन नको. त्या पावसात आप्पा डोक्यावरून पोत्याची खोळ घेऊन, हातात रॉकेलचा कंदील घेऊन उभे असत. त्या कंदिलाची एक गंमत होती. वरचा भाग फिरवला की आतली काच बदले. कधी पांढरा, कधी तांबडा, कधी हिरवा. आप्पांचा हात वर गेला, हिरवा उजेड हलला, की अंधारातून शिटी यायची आणि ते सगळे धूड हलायचे. शेकडो झोपलेली माणसे कुणाच्या तरी हातावर विसंबून घाट उतरायला निघायची.

हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मी वाचनातून मान वरही करत नसे. डेंकालीच्या जंगलात वेताळ चाच्यांच्या मागावर असे आणि मला पुढचे पान उलटायची घाई असे.

पुढे एम.ए. झालो आणि १९९२ साली खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. इंद्रजाल कॉमिक्स १९९० सालीच बंद पडले होते. माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत जपलेले पन्नास-साठ अंक होते, ते मी वर्गाच्या कपाटात ठेवले. मुलांना वाचायची गोडी लागावी हा हेतू. गोडी लागली. ऑफ तासाला मी वेतोबाच्या चपलांची गोष्टही सांगत असे.

१९९५ साली आठवीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी एक वेगळा गृहपाठ दिला. ‘तुमच्या आवडत्या नायकाची गोष्ट चित्रांसह लिहा.’ बहुतेकांनी शिवाजी महाराज लिहिले, दोघातिघांनी हनुमान, एकाने सचिन तेंडुलकर. मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलाने ‘वेताळ’ लिहिला.

त्याचा वेताळ वीज मंडळाचा लाईनमन होता.

मुखवट्याच्या जागी कपाळावरून ओघळणारे पाणी. जांभळ्या पोशाखाऐवजी खाकी हाफशर्ट. कमरेला पक्कड, खांद्यावर दोर, पायांत तळ झिजलेल्या चपला. पावसाळ्यातल्या एका रात्री आंब्याचे झाड तारांवर पडते आणि चार गावे काळोखात बुडतात. एका घरात बाई अडलेली असते. वेताळ दोन कोस चालत येतो, खांबावर चढतो आणि वरून ओरडतो, “लाईन बंद माड्री!” मग तो तार जोडतो. खालून पोरे ओरडतात, “करंट बंतु! करंट आला!” बाळाचे रडणे ऐकू येते. तोवर वेताळ निघून गेलेला असतो. शेवटच्या चौकटीत सकाळ झालेली आहे. चहाच्या टपरीवर लोक वाढीव बिलावरून वीज मंडळाला शिव्या घालताहेत आणि वेताळ घरी पांघरूण घेऊन झोपला आहे.

ही गोष्ट मला तीस वर्षांनंतर चौकटीगणिक आठवते, यावरूनच ती कशी होती ते वाचकांनी ओळखावे. पण त्या दिवशी मी तिच्याखाली लाल शाईने लिहिले, ‘हा वेताळ नव्हे. नाव चुकीचे वापरले आहे. कानडी शब्द टाळावेत.’ आणि गुण दिले, दहापैकी शून्य.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी ती वही वर्गात वाचून दाखवली. “वेताळ कधी खांबावर चढतो काय रे?” असे विचारले. मुले हसली. मीही हसलो. आईच्या चपलांच्या वाक्यावर मी लहानपणी रुसलो होतो आणि तेच वाक्य मी स्वतः एका तेरा वर्षांच्या मुलाला ऐकवले होते. तिच्या वेताळाच्या जागी माझा वेताळ, एवढाच काय तो फरक.

त्या मुलाने पुढे वर्गात चित्र काढलेले मला आठवत नाही.

मधली चोवीस वर्षे सोडून देतो. २०१९ च्या दिवाळीत माझा अमेरिकेतला भाचा सहकुटुंब आला. त्याच्या बॅगेत कॉमिक्सचे दोन-तीन जाडजूड खंड होते. ‘टँजंट कॉमिक्स’ असे त्या मालिकेचे नाव. “मामा, तुम्ही वेताळवाले ना? मग हे बघा,” म्हणून त्याने एक खंड माझ्या हातात ठेवला.

१९९७ साली डीसी या तिकडच्या मोठ्या प्रकाशनाने केलेला हा खेळ. कल्पना डॅन जर्गन्स या लेखक-चित्रकाराची. नियम एकच : आपल्याकडची गाजलेली नावे तेवढी घ्यायची आणि त्या नावांमागची माणसे पार विसरायची. पोशाख, शक्ती, जन्मकथा, काहीही उसने घ्यायचे नाही. पहिल्या वर्षी नऊ अंक निघाले, १९९८ साली आणखी नऊ. त्यातला सुपरमॅन परग्रहावरून आलेला नाही. तो हार्वे डेंट नावाचा कृष्णवर्णीय पोलीस आहे आणि त्याचे सामर्थ्य दंडात नाही, मनात आहे. ‘फ्लॅश’ म्हणजे वाऱ्याच्या वेगाने धावणारा गडी. इथे ती लिया नेल्सन नावाची मुलगी आहे, प्रकाशाची बनलेली. ‘अ‍ॅटम’ हे नाव तिकडच्या वाचकांना सूक्ष्म होणाऱ्या शास्त्रज्ञाचे म्हणून ठाऊक. इथे अ‍ॅटम अणुशक्तीतून घडतो आणि ते नाव आजोबा, मुलगा, नातू असे घराण्यात चालते.

वाचता वाचता मराठीच्या मास्तराला एक गोष्ट लक्षात आली. या मंडळींनी नुसती मोडतोड केलेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या वापराने ज्या शब्दाचा अर्थ कुणाच्या कानात शिरेनासा झाला होता, तो शब्द त्यांनी पुन्हा नव्याने ऐकला होता. फ्लॅश म्हणजे लखलखाट. मग तो पायांत कशाला, अंगभर का नको? अ‍ॅटम म्हणजे अणू. मग तो नुसता लहान कशाला, त्याच्या पोटातली शक्ती कुठे गेली? नाव जुने झाले की आपण त्यातला शब्द ऐकत नाही. ‘गंगाधर’ म्हणून हाक मारताना गंगा कुणाला आठवते?

भाच्याने आणखी सांगितले की हे १९९७ सालीच घडले असे नाही. पहिला फ्लॅश १९४० चा. मग त्याचा काळ सरला. १९५६ साली तेच नाव घेऊन संपूर्ण नवा फ्लॅश आणला, बॅरी अ‍ॅलन. गंमत अशी की हा नवा फ्लॅश पहिल्याच गोष्टीत जुन्या फ्लॅशचे कॉमिक वाचत बसलेला दाखवला आहे! नाव त्याने पुस्तकातून उचलले. पुढे १९६१ साली दोघांची भेटही घडवून आणली.

नावावरून भांडणेही झाली. ‘कॅप्टन मार्व्हल’ हा १९४० चा फार लोकप्रिय नायक. हा सुपरमॅनची नक्कल आहे म्हणून त्याच्यावर खटला चालला आणि १९५३ साली तो बंद झाला. ओसाड पडलेले ते नाव १९६७ साली मार्व्हल या दुसऱ्याच प्रकाशनाने आपल्या नव्या नायकाला देऊन टाकले. मूळ नायक १९७३ साली परत आला तेव्हा मुखपृष्ठावर स्वतःचे नाव लावायची त्याला सोय उरली नव्हती. ‘शझाम’ या त्याच्या मंत्राच्याच नावाने मासिक काढावे लागले. नावाच्या पाटीवरून काय काय होऊ शकते हे आमच्या भागातल्या वाचकांना मी काय सांगणार!

शेवटी भाच्याने ‘ग्रीन लँटर्न’ काढला. हिरवा कंदील. १९५९ पासूनचा प्रसिद्ध ग्रीन लँटर्न हा विमानांची चाचणी घेणारा वैमानिक. परग्रहावरच्या मरणोन्मुख पाहुण्याकडून त्याला अंगठी मिळते. १९९७ च्या खेळात या नावाने एक गूढ स्त्री येते. तिच्या हातात खराखुरा कंदील. त्याच्या हिरव्या उजेडात मेलेली माणसे थोड्या वेळापुरती परत येतात आणि राहून गेलेले काम पुरे करतात.

“आणि पहिला?” मी विचारले.

“पहिला १९४० चा. तो रेल्वेत इंजिनियर होता, मामा. मार्टिन नोडेल म्हणून चित्रकार होता. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत रुळांवर काम करणारा एक माणूस कंदील हलवताना त्याने बघितला आणि त्यावरून त्याला हे नाव सुचलं.”

मी खंड मिटून ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आप्पा २००१ साली गेले. आयुष्यभर मी त्यांच्याविषयी विचारणाऱ्याला ‘वडील रेल्वेत होते’ एवढेच सांगत आलो. तिकडे सातासमुद्रापलीकडे एका चित्रकाराने स्टेशनवर कंदील हलवणारा कुणी अनोळखी मजूर पाहिला आणि त्याच्यातून एक नायक उभा केला. तसाच कंदील माझ्या डोळ्यांसमोर रोज हलत होता. हलवणारा माझा बाप होता. आणि मी नायक शोधायला डेंकालीला गेलो होतो.

मग तो मुलगा आठवला. त्याचा बाप वीज मंडळात लाईनमन होता, हे मला १९९५ सालीही माहीत होते. हजेरीपटातच लिहिलेले होते. त्या पोराने वाचनातून मान वर करून बापाकडे बघितले होते. वेताळ म्हणजे काय, रात्री फिरून गाव राखतो तो, हे त्याने माझ्याच गोष्टीतून ऐकले आणि मग इमानाने शोधले की आमच्या गावात असा कोण आहे. कवटीच्या अंगठीवाल्यापेक्षा त्याचाच वेताळ आरवलीच्या वेतोबाला जवळचा होता. झिजलेल्या चपलासुद्धा त्याने विसरल्या नव्हत्या. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच होते ते. आणि अमेरिकेतल्या नामवंतांनी १९९७ साली जे केले, ते त्याने दोन वर्षे आधी, दोनशेपानी वहीत, शाईच्या पेनाने केले होते.

कानडी शब्दांचे काय सांगू? लाईनमन खांबावरून कानडीत ओरडणार नाही तर कशात? आमच्या घरीसुद्धा दिवे आले की ‘वीज आली’ असे कधी कुणी म्हटलेले नाही. मी मराठी राखतो आहे असे मला तेव्हा वाटत होते.

कुणी म्हणेल, मास्तर, मग उद्या कुणीही कुठलेही नाव कुणालाही द्यावे काय? तसे माझे म्हणणे नाही. नुसत्या खपासाठी जुन्या नावाची पाटी नव्या दुकानावर लावणारे तिकडेही आहेत आणि इकडेही. पण आपण आजोबांचे नाव नातवाला ठेवतो तेव्हा नातवाने आजोबांसारखीच मिशी राखावी असा हट्ट धरत नाही. इंद्रजालच्या वेताळाचेही तेच तर होते. जंगलातल्या लोकांना वाटे, तो अमर आहे. खरे म्हणजे बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवायचा आणि आम्ही वाचत होतो तो एकविसावा होता. नाव टिकते ते असे. प्रत्येकाने आपापल्या पावसात भिजून ते पुन्हा मिळवायचे असते. एवढे अंक पाठ असूनही मला हे कळले नव्हते.

गेल्या जून महिन्यात तो माझ्या केबिनमध्ये आला. तोच मुलगा, आता त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ. तालुक्याच्या गावी त्याचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. मुलीला आठवीत घालायचे होते.

“तुमची शाळा म्हणून इकडंच आणलो बघा सर.”

अर्ज भरून झाल्यावर मी मुलीला बाहेर बसायला सांगितले आणि त्या वहीचा विषय काढला. म्हटले, “माझं चुकलं होतं रे त्या वेळी. फार चांगली गोष्ट लिहिली होतीस तू.”

तो गोंधळला. मग हसला. “न्हाई ओ सर. चुकलंच होतं की माझं. वेताळ कुठं खांबावर चढतोय?”

माझेच वाक्य, शब्दाला शब्द. तीस वर्षे त्याने ते खरे मानून सांभाळले होते. मला वाटले होते तो रागावेल, निदान गप्प बसेल. त्याने माझीच बाजू घेतली. इतकी मोठी शिक्षा मला आजवर कुणी केलेली नाही.

“वडिलांनी बघितली होती ती वही?” मी विचारले.

“कुठली ओ! आप्पांना दाखवलोच नाही. शून्य होतं न्हवं.”

“आहेत ना ते?”

“आहेत की. घरीच असतात. गुडघे गेलेत, जिना चढाय येत न्हाई.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. वही केव्हाच रद्दीत गेली होती, तेव्हा न्यायला हातात काही नव्हते. म्हातारे गृहस्थ पडवीत खुर्चीवर बसले होते. हेडमास्तर स्वतः घरी आले म्हणून ते उठू लागले. मी त्यांना बसवले. चहा झाला. मग मी म्हणालो, “तुमच्या मुलाने आठवीत असताना एक गोष्ट लिहिली होती. ती तुम्हाला सांगायची राहून गेली.”

आणि सांगितली. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत, “लाईन बंद माड्री” आणि “करंट बंतु” यांच्यासकट, एकही शब्द न गाळता. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. नात मात्र आजोबांच्या पायांशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

गोष्ट संपली. म्हातारबा बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, “आंब्याचं न्हवं सर, फणसाचं झाड होतं ते.”